मागच्या सीटवरचं दुकान

त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर घरी आलो. दार धाकटीने उघडलं. वय वर्षं तीन. तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि दार अर्धवट धरून आत वर्दी दिली, "आई, कोणीतरी आलंय. बाबा आहेत."

"मग आत घे ना त्यांना," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

धाकटी बाजूला झाली. "बसा," म्हणाली.

मी बसलो. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीच्या अगदी टोकावर. तिने पाणीही विचारलं असतं, पण तिचा हात ओट्याला पुरत नाही.

मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे, आणि तेही कायम दुसऱ्या पाळीचा. म्हणजे मुलं सकाळी शाळेत जातात तेव्हा मी झोपलेला असतो आणि मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असतात. आठवड्याच्या सुट्टीचा एक दिवस आम्ही एकमेकांना जागेपणी पाहतो, पण शाळेला सुट्टी लागली की ती सुट्टीही रद्द होते. कारण सगळं गाव तेव्हा प्रवासाला निघतं आणि त्याला रवाना करायला कोणीतरी लागतं. दर उन्हाळ्यात मी शेकडो कुटुंबं फलाटावरून पाठवतो. खिडकीत आई, मांडीवर मूल, आणि खाली उभा राहून छपरावरच्या बॅगा मोजणारा बाप. ध्वनिक्षेपकावरून मी सर्वांना सुखाचा प्रवास चिंततो. मनापासून चिंततो. फक्त अलीकडे 'सुखाचा' या शब्दावर माझा आवाज जरा घोगरा व्हायला लागला होता, आणि लोक त्याचा दोष यंत्राला देत होते.

"या सुट्टीत आपण लांब जायचं," मी बायकोला म्हणालो. "रस्त्याने. आपण चौघंच. थेट सरोवरापर्यंत."

"बसने?"

"बस नको. बसमध्ये मी नोकरीवर असल्यासारखा वागतो. गाडीने."

"कुठल्या गाडीने?"

"तुझ्या भावाच्या."

"चालवणार कोण?"

"मी."

बायको कपडे घड्या करत होती. तिने एका सदऱ्याची घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. "तुम्हाला येते?"

"शिकेन."

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. बायकोला गाडी येते. लग्नाआधीपासून येते. ही वाक्यं मी मुद्दाम लहान ठेवली आहेत.

तिनेच चालवली असती तर प्रश्नच नव्हता. पण माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र होतं. चाकावर मी, बाही दुमडलेली, मागे मुलं, आणि धाकटी रस्त्यावरच्या यच्चयावत लोकांना सांगतेय की हे आमचे बाबा, हेच चालवतायत. त्या चित्रात दुसऱ्या कोणाला चाकावर बसवणं मला जमेना. चित्रात एक मूलभूत चूक होती. ती मला तेव्हा दिसली नाही. चित्र काढताना माणूस समोरून काढतो.

परवान्याच्या परीक्षेत मी गाडी मागे घेताना एक पिवळा खांब आडवा केला आणि नापास झालो. परीक्षकाने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही स्थानकावरचे ना? 'येऊ द्या, येऊ द्या, बस्स, थांबा' तो आवाज तुमचाच?"

"हो," मी जरा ताठ होत म्हणालो.

"मग हिलाही तसंच सांगून बघायचं होतं."

दुसऱ्या वेळीही मी तोच पिवळा खांब आडवा केला. ही बातमी स्थानकावर माझ्याआधी पोचली. त्यानंतर फलाटाला बस मागे लावणारा प्रत्येक चालक खिडकीतून डोकं बाहेर काढून मला म्हणायचा, "साहेब, नीट बघून ठेवा हं, असं घ्यायचं असतं." तिसऱ्या वेळी मी पास झालो. परीक्षकाचा त्या दिवशी दात दुखत होता, त्याला लवकर घरी जायचं होतं. पण निकाल तो निकाल.

रजेचं प्रकरण वेगळं. आगारप्रमुखांनी अर्ज हातातही घेतला नाही. "उन्हाळ्यात रजा प्रवासी घेतात. आपण घेत नाही. कारण काय?"

"कौटुंबिक."

"कोण आजारी आहे?"

"कोणी नाही."

"लग्नकार्य? मृत्यू? कोर्ट?"

"काही नाही, साहेब."

"मग कौटुंबिक कसं म्हणता?"

शेवटी मी खरं ते सांगितलं. "साहेब, मुलगी मला 'बसा' म्हणाली."

आगारप्रमुखांनी अर्ज पुढ्यात ओढला. "माझा मुलगा आता नोकरीला लागला," ते म्हणाले. "तोही 'बसा' म्हणतो. कधीकधी 'घाई नाही ना?' असंही विचारतो." आणि त्यांनी सही केली.

आमच्या इमारतीत एखाद्याने साधी खुंटी ठोकायची ठरवली तरी तिच्यावर सर्व मजल्यांचं मत पडतं. इथे तर दोन दिवसांचा रस्ता होता. शेजारच्या काकूंनी सांगितलं की मुलांना परक्या उशीवर झोप लागत नाही, तेव्हा घरच्या उशा घ्या. उशा म्हटल्या की पांघरुणं आली. पांघरुणं आली की ती ठेवायला मोठी बादली आली, आणि बादली आहेच तर लहानीला गाडी लागते त्यासाठीही बरी, असं काकूच म्हणाल्या. वरच्या मजल्यावर एक निवृत्त भूमापक राहतात, त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणतात. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"राहणार कुठे?"

"सरोवराकाठी सरकारी विश्रामगृह आहे. आरक्षण झालंय."

"किल्ली कोणाकडे?"

"वळणावरच्या गावात कचेरी आहे, तिथे. संध्याकाळी बंद होण्याआधी घ्यायची."

मोजणीसाहेब नुसते हसले. आयुष्यभर कचेऱ्यांच्या भरवशावर राहिलेल्या माणसाचं ते हसू होतं. संध्याकाळी त्यांनी त्यांचा नोकरीतला तंबू आणून दिला. लोखंडी खांबांसकट. "असू द्या बरोबर," म्हणाले. नाही म्हणायची सोय नव्हती. ते वर राहतात आणि आमचं पाणी वरून येतं.

मेहुण्याने गाडी आनंदाने दिली. "भावजी, गाडी तुमचीच समजा. फक्त दुसऱ्या गियरला जरा समजून घ्या. आणि डावं मागचं दार बाहेरूनच उघडतं. आणि काच खाली केलीत तर वर येईलच असं नाही."

निघायच्या सकाळी सगळी इमारत खाली जमली. गाडी फाटकातून मागे घ्यायची होती. मी यावर अधिक काही लिहू इच्छित नाही. "येऊ द्या, येऊ द्या" असं सगळे मजले एकदम ओरडत होते, माझ्याच आवाजाची नक्कल करत. शेवटी चौघांनी गाडी ढकलून बाहेर काढली आणि मी आत बसून चाक धरलं. तळमजल्यावरच्या आजींच्या दोन कुंड्या गेल्या. आजी म्हणाल्या, "जाऊ दे रे, त्यात काही उगवत नव्हतंच," आणि हे त्या इतक्या समजूतदारपणे म्हणाल्या की मला जास्तच लागलं.

आता बसण्याची व्यवस्था. धाकटीला गाडी लागते, म्हणून तिला आईजवळ मागे बसणं भाग. सात वर्षांच्या थोरल्याला खिडकी पाहिजे, म्हणून तोही मागे. उशा, पांघरुणं आणि जेवणाचा डबा डिकीत गेल्यावर तंबूला जागा उरली नाही. तो माझ्याशेजारी पुढच्या सीटवर उभा राहिला. खांब घसरू नयेत म्हणून त्याला पट्टाही लावला. म्हणजे कुटुंबाला वेळ द्यायला निघालेला मी, एका तंबूशेजारी बसून, कुटुंबाकडे पाठ करून दोन दिवस प्रवास करणार होतो. गाव मागे पडेपर्यंत हे माझ्या लक्षात आलं नाही. मग मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"काय झालं?" मी मान वळवली.

"काही नाही. तुम्ही पुढे बघा," बायको म्हणाली.

मी पुढे बघितलं. पुढे एक लॉरी होती.

थोड्या वेळाने तिघंही हसले. या वेळी मी आरशाचा विचार केला. गाडीतला आरसा मागून येणारी वाहनं दिसावीत म्हणून असतो, हे मी परीक्षेत बरोबर सांगितलं होतं. मी तो हळूच खाली वळवला. धाकटीच्या डोक्यावरचे उभे राहिलेले चार केस दिसले. आणखी वळवला, तर कपाळ दिसलं असतं. तेवढ्यात मागून कोणीतरी असा भोंगा वाजवला की तंबू हलला.

"आरसा सरळ करा आधी," बायको म्हणाली. तिला गाडी येते, हे मी मघाशी सांगितलंच आहे.

मागे काय चाललं होतं ते मला कानांवरूनच जुळवावं लागलं. थोरल्याने दुकान काढलं होतं. खिडकीतून जे दिसेल ते तो विकायचा. "बैल घ्या, बैल! ताजा बैल!" धाकटीने बैल खिडकीतून निघून जायच्या आत "घेतला!" म्हणायचं. मग आई घासाघीस करायची. उशीर झाला की थोरला जाहीर करायचा, "गेला! बैल गेला!" आणि धाकटी त्या गेलेल्या बैलासाठी इतकं मनापासून हळहळायची की तिची समजूत काढायला पुढचं झाड फुकट द्यावं लागायचं.

"मलाही एक द्या," मी पुढून म्हणालो.

"ड्रायव्हरला विकत नाहीत," थोरला म्हणाला. "ड्रायव्हरने माल आणायचा."

यात तसं चूक काही नव्हतं. मी माल आणत राहिलो. विहिरी, गायी, पवनचक्क्या, एक उलटलेली गाडी, तारेवर ओळीने बसलेले पक्षी. सगळं मी मागच्यांच्या आधी बघत होतो आणि काहीही माझं होत नव्हतं. "पूल घ्या, पूल!" असा आवाज येईपर्यंत पूल ओलांडून मी पलीकडे पोचलेला असायचो.

त्या दिवशी धाकटी दोनदा ओकली. दोन्ही वेळा आईच्या पदरात, कारण बादली डिकीत पांघरुणांखाली होती. मी गाडी कडेला घेतली, बाहेरून दार उघडलं आणि हात पुढे केले. "ये, माझ्याकडे ये." तिने आईच्या मानेत तोंड खुपसलं. मी पाण्याची बाटली धरून उभा राहिलो. तेही एक कामच असतं.

दुपारनंतर एका चौकीवर हवालदाराने अडवलं. त्याने आधी तंबूला लावलेला पट्टा पाहिला, मग कागद पाहिले. "गाडी कोणाची?"

"माझ्या भावाची," बायको मागून म्हणाली.

"आणि हे कोण?"

"हे आमचे... हे चालवतायत."

हवालदाराने माझा कोरा करकरीत परवाना उजेडात धरला. "गाडी बाईंच्या भावाची. बाईंना येते का चालवायला?"

"येते," बायको म्हणाली.

"बरीच वर्षं?"

"बरीच."

त्याने माझ्याकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "तुमचा घरगुती मामला आहे," म्हणाला आणि आडवा बांबू वर केला.

मुक्कामाच्या ठिकाणी पोचलो तेव्हा माझी मान ताठ झाली होती आणि बोटं चाकाच्या आकारात राहिली होती. मी ठरवलं होतं की खोलीत सामान टाकायचं आणि मुलांशी खेळायचं. बूट काढायला खाली वाकलो, तो सकाळी उठलो. एका पायात बूट तसाच होता. तिघंही केव्हाच आवरून बसली होती.

"बाबा, अंगणात झोका होता! आईसुद्धा बसली! आणि एक कासव होतं!" थोरला सांगत होता.

"कुठे आहे?"

"गेलं ते."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी रजा घेतलीच नव्हती. मी दुसऱ्या पाळीवरून पहिल्या पाळीवर बदली करून घेतली होती, इतकंच.

दुसऱ्या दिवशी जेवायला आम्ही रस्त्याकडेच्या एका धाब्यासारख्या जागी थांबलो. मागेपुढे मोठाल्या लॉऱ्या उभ्या होत्या. झाडाखाली सतरंजी टाकली. धाकटी माझ्यासमोर बसून केळं सोलत होती. इतक्या जवळून मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. तिच्या हनुवटीवर लहानसा ओरखडा होता. तो जुना होता, बरा होत आलेला. कधी पडली, कुठे पडली, विचारावं असं वाटलं आणि बापाने हे विचारणं बरं दिसेल का, असंही वाटलं. तेवढ्यात घड्याळ बघायची सवय आडवी आली. किल्लीची कचेरी बंद होण्याआधी पोचायचं होतं. "चला," मी म्हणालो, "गाडी सुटण्याची वेळ झाली आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात." हे गमतीने म्हणायचं होतं. निघालं मात्र अगदी फलाटावरच्यासारखं.

धाकटी उठली. आईचा हात धरून तिने हळूच विचारलं, "आई, तिकडे पाण्यावर बाबा पण येणार आहेत?"

"वेडी आहेस का?" थोरला म्हणाला. "मग गाडी कोण चालवतंय?"

"ड्रायव्हर," धाकटी म्हणाली.

बायको माझ्याकडे बघत होती. मी सतरंजी झटकली. ती फार धुळकट नव्हती, तरी बराच वेळ झटकली. मग खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"माझी मान धरली आहे," मी म्हणालो.

"हो का," ती म्हणाली.

तिने सीट पुढे ओढली, आरसा एकदाच हलवला आणि दोन लॉऱ्यांच्या मधून, वाकडी न होता, एका दमात गाडी मागे घेऊन रस्त्याला लावली. दोन्ही लॉऱ्यांचे चालक चहाचे पेले हातात धरून बघत राहिले. तिने काहीही म्हटलं नाही. संस्कार म्हणतात ते यालाच.

मागची सीट पुढच्या सीटपेक्षा अरुंद असते, आणि कुठलीतरी स्प्रिंग नेमकी आपल्याखाली येते. धाकटी मधल्या जागेवर, माझ्यापासून होईल तितकी लांब सरकून बसली. आमच्या मध्ये तिने डिकीतून काढून घेतलेली उशी उभी केली. अनोळखी प्रवासी शेजारी आला की बायका पिशवी मध्ये ठेवतात, तशी. थोरला तिच्या पलीकडे, डाव्या खिडकीशी सरकला.

"आई पाहिजे," ती म्हणाली.

"आई पुढेच आहे बघ," मी म्हणालो.

"पुढची नको. मागची पाहिजे."

मला तिचं म्हणणं पूर्णपणे पटत होतं.

दुकान बंदच होतं. मी वाट पाहिली. माणसांना वाट बघायला सांगण्यात माझं आयुष्य गेलं आहे, पण स्वतः बघणं वेगळं. बऱ्याच वेळाने थोरल्याला राहवेना. "डोंगर," तो खिडकीकडे बघत पुटपुटला. "डोंगर आहे एक."

"कसा दिला?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "तुम्हाला परवडणार नाही."

"छोटा द्या एखादा."

"छोटे संपले."

"अहो, मग अर्धा तरी द्या. लांबून आलोय."

धाकटीने उशीच्या वरून डोकं काढलं. "पटकन म्हणा ना, घेतला म्हणून! जातोय तो!"

"घेतला!" मी ओरडलो.

"गेला!" थोरला म्हणाला.

"नाही गेला!" धाकटी किंचाळली. "त्यांनी आधी म्हटलं! मी ऐकलं!" आणि माझी बाजू मांडण्यासाठी ती उशी ओलांडून आली. मांडीवर गुडघा रोवून उभी राहिली, थोरल्याशी भांडली आणि डोंगर मला मिळवून दिला. माझ्या बाजूने इतकं जोरात आजवर कोणी बोललं नव्हतं. आमच्या कामगार संघटनेनेसुद्धा नाही.

मग मी सुटलोच. एक शेळी घेतली, दोन टाक्या, एक लाल छपराचं घर. त्या घरात कोण राहील यावर वाद झाला. थोरला म्हणाला की बाबा तर घरी नसतातच, मग त्यांना वेगळी खोली कशाला. धाकटी विचारात पडली. "त्यांना दाराजवळची द्या," ती म्हणाली. "म्हणजे लवकर आत येता येईल." मी खिडकीबाहेर बघितलं. काच खाली होती, ती वर येत नव्हती, वारा डोळ्यांत जात होता.

घाट लागला. धाकटी गप्प झाली. तिचा चेहरा पांढरा पडला हे मला पहिल्यांदाच वेळेवर कळलं, म्हणजे ती ओकायच्या आधी. मी बादलीकडे हात नेला. आजच मी ती पायांशी घेऊन ठेवली होती. तिने बादलीकडे पाहिलं, पुढच्या सीटवरच्या आईच्या पाठीकडे पाहिलं, आणि माझ्या सदऱ्याच्या दोन्ही बाजू मुठीत धरून, तोंड माझ्या छातीत खुपसून, सगळं केळं मला देऊन टाकलं.

"थांबवू का?" बायकोने विचारलं. "इकडे द्या तिला."

"नको," मी म्हणालो. "झालं तिचं. चालू दे."

बाटलीतल्या पाण्याने मी तिचं तोंड पुसलं. मला वाटलं, आता ती पुढे झेप घेईल. तिने सदऱ्याची कोरडी बाजू शोधली, तिथे गाल टेकला, आणि घाट संपायच्या आत ती झोपली. झोपताना तिची मूठ सुटली नाही. थोरल्यानेही पाय माझ्या मांडीवर पसरले. त्याचे बूट कोणी घालून दिले होते कोण जाणे, उलटसुलट पायांत होते. वास फार येत होता. माझा उजवा हात बधिर झाला होता आणि ती स्प्रिंग आता माझ्याशी वैयक्तिक पातळीवर आली होती. मी हललो नाही.

ऊन उतरू लागलं. झाडांच्या मधून कुठेतरी पाणी चमकलं. पुढे एक लांबलचक लॉरी रेंगाळत होती. बायको तिला मागे टाकण्यासाठी उजवीकडे निघाली, तिची नजर समोरच्या रस्त्यावर आणि लॉरी तिच्या डाव्या हाताला. मी उजव्या दाराशी. लॉरी मागे पडली आणि थोरल्याच्या खिडकीतून डावीकडची पाटी सरकताना दिसली. मोठी, निळी, स्वच्छ. विश्रामगृह, कचेरी, आणि वळणाचा बाण. कचेरी बंद व्हायला फारसा वेळ नव्हता. परत फिरायला जागा लवकर मिळणार नाही, हे रस्त्याकडे बघूनच कळत होतं. असा एक थांबा चुकवला म्हणून मी चालकांना फलाटावर उभं करून झाडलं आहे.

थोरल्यानेही ती पाटी पाहिली. डोळे अर्धवट मिटत असताना, दुकानदाराच्या आवाजात, पण धाकटी उठू नये इतक्या हळू तो म्हणाला, "पाटी घ्या, पाटी. बाणवाली."

"घेतली," मी तितक्याच हळू म्हणालो. बायकोला सांगितलं नाही; तिच्याशेजारी तंबू होताच.

बायकोने गाडी तिसऱ्यातून चौथ्यात घातली. रस्ता सरळ होता आणि पुष्कळ होता.